व्हरमाँट: भांडण मॅगझिनवर, मरण घरात

अमेरिकेत बंदुकीच्या कायद्याचा विषय निघाला की टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया ही नावं पुढे येतात. व्हरमाँटकडे फारसं कोणी बघत नाही. खेड्यापाड्यांच्या राज्यात बंदुकीचा प्रश्न नेमका काय असतो आणि राजकारणी तो कसा भलतीकडेच नेतात, हे समजून घ्यायचं तर मात्र याच राज्याकडे बघायला हवं. 2020च्या जनगणनेत इथे 6,43,077 माणसं मोजली गेली. सोलापूर शहरात याहून जास्त लोक राहतात. राज्य म्हणजे डोंगर, जंगल, दुभत्या गायींची शेतं आणि मेपलची झाडं. मतदानाचा कल डेमोक्रॅट पक्षाकडे, बर्नी सँडर्स इथलेच सिनेटर. तरीही 2018पर्यंत इथले बंदुकीचे कायदे देशातल्या सर्वांत सैल कायद्यांत मोडत होते.

या राज्याच्या पुढाऱ्यांनी ज्या तरतुदीसाठी सगळ्यात जास्त घसा कोरडा केला, ती मॅगझिनच्या, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसांच्या पेटीच्या, मर्यादेची, आणि तिचा उपयोग सगळ्यात कमी आहे. ज्या तरतुदींनी खरोखर जीव वाचू शकतात, त्या असलेल्या कायद्यावर गव्हर्नरांनी सहीसुद्धा केली नाही.

कारण साधं आहे. व्हरमाँटमध्ये बंदुकीने होणाऱ्या दर दहा मृत्यूंपैकी आठ ते नऊ आत्महत्या असतात. अख्ख्या अमेरिकेत हे प्रमाण निम्म्याहून थोडंच जास्त आहे. उरलेल्या मृत्यूंमध्ये घरगुती हिंसाचाराचा वाटा मोठा. शाळेत शिरलेला हल्लेखोर, अंधारात टपलेला दरोडेखोर ही चित्रं विधानसभेतल्या भाषणांत येतात. प्रत्यक्षात माणूस मरतो तो आपल्याच घरात, आपल्या ओळखीच्या बंदुकीने. राज्यातल्या निम्म्याच्या आसपास घरांत बंदूक आहे. त्यामुळे इथल्या पुढाऱ्याची भूमिका तोलायची असेल तर तो बंदुकीच्या बाजूचा की विरुद्ध, हे विचारून भागत नाही. माणूस खचलेला असतो त्या काही तासांत बंदूक त्याच्या हाताशी असणार की नाही, यासाठी त्या पुढाऱ्याने काय केलं, हे विचारायला हवं.

आधी जमीन कशी आहे ते बघू. व्हरमाँटच्या राज्यघटनेत, 1777 सालापासून, स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. रटलंड शहराने नियम केला होता की मेयर किंवा पोलीसप्रमुखाच्या परवानगीशिवाय लपवून शस्त्र बाळगता येणार नाही. 1903 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उडवला. तेव्हापासून इथे पिस्तूल खिशात ठेवून फिरायला परवाना लागत नाही. पुढे 1988 मध्ये कायदा झाला की गावांनी आणि शहरांनी बंदुकीबाबत स्वतःचे नियम करायचे नाहीत. म्हणून 2014 मध्ये राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या, बर्लिंग्टनच्या, मतदारांनी तीन तरतुदी मंजूर केल्या, दारूच्या बारमध्ये बंदूक नको, घरगुती हिंसाचारात पोलिसांनी बंदूक जप्त करावी, घरातली बंदूक कुलपात ठेवावी, तरी राज्याच्या विधानसभेने त्यांना मान्यता दिली नाही आणि त्या अमलात आल्याच नाहीत.

आपल्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटेल. भारतात 1959च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे आधी परवाना, मग शस्त्र. गरज दाखवायची ती अर्जदाराने. 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. व्हरमाँटमध्ये गृहीतच उलटं आहे: शस्त्र घेणं हा हक्क, आणि तो का नाकारावा हे सिद्ध करायचं सरकारने. परवाना नाही, नोंदवही नाही, संख्येची मर्यादा नाही. तिथला कुठलाही कायदा या गृहीतावर उभा राहूनच लिहावा लागतो. हे लक्षात न घेता भारतीय चष्म्यातून त्यांच्या पुढाऱ्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट शिकारीची. नोव्हेंबरात सोळा दिवसांचा रायफलीने हरीण मारण्याचा हंगाम असतो. आजोबांची रायफल नातवाकडे येते, मुलं शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम करतात, फ्रीझर हरणाच्या मटणाने भरतो. शिकाऱ्यांना नियमांचं वावडं आहे असं मुळीच नाही. व्हरमाँटच्या वन्यजीव कायद्यात फार पूर्वीपासून आहे की शिकारीसाठी वापरायच्या आपोआप भरणाऱ्या रायफलच्या मॅगझिनमध्ये सहाहून जास्त काडतुसं मावता कामा नयेत, छोट्या काडतुसांची .22 रिमफायर रायफल सोडून. स्थलांतरित पक्ष्यांसाठी तर केंद्राचा नियम शॉटगनमध्ये तीनच काडतुसं सांगतो. त्यासाठी नळीखालच्या मॅगझिनमध्ये लाकडी किंवा प्लॅस्टिकची दांडी घालून जागा अडवतात. ज्या समाजाने बदकासाठी तीन आणि हरणासाठी सहा ही मर्यादा खळखळ न करता पाळली, तो माणसांच्या बाबतीत नियमांचं नाव काढताच का बिथरतो, याचं उत्तर राजकारणात आहे.

त्या राजकारणात पक्ष बघून अंदाज बांधला की हमखास चुकतो. 1988 मध्ये रिपब्लिकन पीटर स्मिथ यांनी सँडर्स यांना हरवलं आणि ते अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, गेले. तिथे त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी आणणाऱ्या विधेयकाला साथ दिली. नॅशनल रायफल असोसिएशन म्हणजे एनआरए, बंदूकधारकांची संघटना, त्यांच्यावर उलटली आणि 1990 मध्ये सँडर्स निवडून आले. 1993 मध्ये ब्रेडी कायद्याविरुद्ध सँडर्स यांनी मत दिलं. त्या कायद्यात पिस्तूल घेण्याआधी पाच कामाच्या दिवसांची वाट पाहायची तरतूद होती. 1994 मध्ये मात्र लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घालणाऱ्या गुन्हेविषयक कायद्याच्या बाजूने त्यांनीच मत दिलं. 2005 मध्ये बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांना दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला आणि 2016च्या अध्यक्षीय उमेदवारीच्या लढतीत हिलरी क्लिंटन यांनी त्यांना त्यावरूनच धारेवर धरलं. हॉवर्ड डीन, डेमोक्रॅट गव्हर्नर, यांना एनआरएचा पाठिंबा वारंवार मिळाला. पीटर शमलिन हेही डेमोक्रॅट. राज्याने नवे कायदे करू नयेत, ही त्यांची भूमिका. 2015 मध्ये त्यांनी सही केली ती अगदी मर्यादित कायद्यावर: हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने बंदूक बाळगणं राज्याच्याही कायद्याने गुन्हा ठरलं. खासगी विक्रीत खरेदीदाराच्या पार्श्वभूमीच्या तपासणीची तरतूद मूळ विधेयकात होती, ती आधीच गळाली. आणि 2018 मध्ये पहिले मोठे कायदे ज्यांच्या सहीने झाले ते गव्हर्नर फिल स्कॉट रिपब्लिकन.

2024 ची लेफ्टनंट गव्हर्नरपदाची लढत तर आणखी बोलकी होती. डेव्हिड झुकरमन हे हाइन्सबर्गचे सेंद्रिय भाजीपाल्याचे शेतकरी, प्रोग्रेसिव्ह आणि डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांचे, नियंत्रणाच्या बाजूचे. जॉन रॉजर्स हे ग्लोव्हरचे, राज्याच्या ईशान्येकडच्या दुर्गम भागातले शेतकरी आणि दगडी बांधकामाचे कारागीर. राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट असताना 2018च्या मुख्य बंदूक-कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला होता, आणि 2024 मध्ये रिपब्लिकन म्हणून उभे राहिले. पन्नास टक्के कोणालाच मिळाले नाहीत, रॉजर्स यांना मतं जास्त होती, आणि जानेवारी 2025 मध्ये विधानसभेने त्यांची निवड केली. दोघेही मातीत हात घालणारे. तेव्हा ‘शेतकऱ्याला हे पटणार नाही’ असं जेव्हा एखादा पुढारी म्हणतो, तेव्हा कोणता शेतकरी, असं त्याला विचारलं पाहिजे.

2018 ची कथा थोडक्यात अशी. 14 फेब्रुवारीला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत 17 जणांचा बळी गेला. लगेच दुसऱ्या दिवशी व्हरमाँटच्या फेअर हेवन गावात एका अठरा वर्षांच्या मुलाला शाळेवर हल्ल्याचा बेत रचल्याबद्दल अटक झाली. शॉटगन त्याने रीतसर विकत घेतलेली होती. नव्या कायद्यांची गरज नाही, असं प्रचारात म्हणणारे स्कॉट यांनी पोलिसांचं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि भूमिका बदलली. 11 एप्रिलला राजधानी माँटपेलिअरमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्यांनी तीन विधेयकांवर जाहीर सह्या केल्या. समोर केशरी जाकिटातले शिकारी ‘गद्दार’ म्हणून ओरडत होते, हिरव्या कपड्यांतले समर्थक टाळ्या वाजवत होते. स्वपक्षाच्या मतदारांचा रोष डोळ्यांसमोर असताना असं करायला धैर्य लागतं, आणि ते स्कॉट यांनी दाखवलं. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा राहिला. स्कॉट तीही जिंकले, पुढच्या निवडणुकाही जिंकले. बंदुकीला हात लावला की खेडेगावात राजकीय मरण, ही भीती तिथेच खोटी ठरली.

त्या तीन कायद्यांतला जो सगळ्यात वादग्रस्त, सिनेटमध्ये 17 विरुद्ध 13 असा निसटता मंजूर झालेला, त्यात चार गोष्टी होत्या. खासगी विक्री परवानाधारक दुकानदारामार्फतच करायची, म्हणजे खरेदीदाराची तपासणी होते. जवळचे नातेवाईक वगळले. एकवीस वर्षांखालच्याला विक्री नाही. पोलीस, सैनिक आणि शिकार-सुरक्षेचं प्रमाणपत्र असलेले वगळले. रायफलीची गोळ्या झाडण्याची गती वाढवणाऱ्या बंप स्टॉक या जोडणीवर बंदी. आणि मॅगझिनची मर्यादा: रायफलसारख्या लांब बंदुकीला 10 काडतुसं, पिस्तुलाला 15.

भांडण पेटलं ते शेवटच्या तरतुदीवर. सभागृहात तास गेले, मोर्चे निघाले, न्यायालयात खटला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती वैध ठरवली. पण ती चालते कशी? कायद्याच्या दिवशी ज्याच्याकडे जी मॅगझिनं होती ती त्याच्याकडे राहू दिली. दुकानदारांना जुना साठा विकायला 1 ऑक्टोबर 2018पर्यंत मुदत. साध्या मॅगझिनवर अनुक्रमांक नसतो, नोंदवही नाही, त्यामुळे हातातलं तीस काडतुसांचं मॅगझिन 2016 चं की 2022 चं हे पोलिसाने ओळखायचं कसं? कायदा येतोय हे दिसताच विधानभवनाच्या हिरवळीवर हजाराहून अधिक मॅगझिनं फुकट वाटण्यात आली, आणि ती सगळी कायदेशीर ठरली. कनेक्टिकट नदी ओलांडली की पलीकडे न्यू हॅम्पशायर, तिथे मर्यादाच नाही. बाहेरून आणणं गुन्हा आहे खरं, पण पुलावर कोणी डिकी तपासत नाही. शाळेवरच्या हल्ल्यात मॅगझिन बदलायला लागणारे काही सेकंद मोलाचे असतात हे मान्य. त्यासाठी मर्यादा असावी, हेही मान्य. पण ज्या राज्यात दहातले आठ-नऊ मृत्यू एकाच गोळीने होतात, तिथे दहावी आणि तिसावी गोळी यांच्यातल्या फरकावर सगळी राजकीय पुंजी खर्ची घालणं चुकीचं होतं. ती पुंजी वाट पाहण्याच्या मुदतीवर आणि कुलपावर लागायला हवी होती.

तपासणीची यंत्रणा नेमकी कशी चालते, हे पुढाऱ्यांच्या भाषणांतून कधी कळत नाही. दुकानात खरेदीदार 4473 क्रमांकाचा फॉर्म भरतो. दुकानदार एफबीआयच्या एनआयसीएस या यंत्रणेशी संपर्क साधतो; ती 30 नोव्हेंबर 1998 पासून चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, देऊ नका, थांबा. बहुतेक वेळा काही मिनिटांत ‘द्या’. ‘थांबा’ आलं आणि तीन कामाच्या दिवसांत निर्णय आला नाही, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे दुकानदार बंदूक देऊ शकतो. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल अशाच फटीतून मिळालं होतं. व्हरमाँटच्या विधानसभेने 2022 मध्ये ही फट बुजवायचा प्रयत्न केला; पहिल्या विधेयकावर स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला, आणि मग सात कामाच्या दिवसांची तडजोड त्यांच्या सहीने कायदा झाली. तडजोड चांगली होती, कारण अडकलेल्या तपासण्यांत बहुधा अडचण असते ती एखाद्या छोट्या न्यायालयाने निकालाची नोंद वेळेवर न पाठवल्याची, आणि तिथल्या कारकुनाला फायली शोधायला तीन दिवस पुरत नाहीत.

पण या तपासणीला एक गोष्ट दिसत नाही. ज्याच्यावर कधी गुन्हा नाही, कधी सक्तीचे मानसिक उपचार नाहीत, आणि आज दुपारी ज्याला जगावंसं वाटत नाही, तो माणूस तपासणीत स्वच्छ उतरतो आणि पाऊण तासात बंदूक घेऊन बाहेर पडतो. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये 2009 मध्ये लक्षात आलं की एकाच दुकानातून बंदूक घेतलेल्या तीन अनोळखी माणसांनी आठवड्याच्या आत आत्महत्या केल्या होत्या. त्यातून दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र आले. खचलेला गिऱ्हाईक कसा ओळखावा, त्याला आज नाही, परवा ये, असं कसं सांगावं, याची पत्रकं दुकानांत लागली. हे काम बंदूक विकणाऱ्यांनीच केलं, म्हणून ते जास्त महत्त्वाचं.

व्हरमाँटमध्ये 2018च्या अखेरीस एका तरुणाने बंदूक घेतली आणि काही तासांतच जीव दिला. त्याच्या आईवडिलांनी श्रद्धांजलीच्या मजकुरातच आमदारांना विनंती केली की खरेदी आणि ताबा यांच्यात थोडा वेळ ठेवा. 2019 मध्ये विधानसभेने पिस्तुलांसाठी अवघ्या 24 तासांची मुदत मंजूर केली. स्कॉट यांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं, 2018चे कायदे झालेत, आता हिंसेच्या आणि आत्महत्येच्या मुळाशी असलेल्या कारणांवर काम करावं. ऐकायला हे समंजस वाटतं. पण बंदुकीने केलेल्या प्रयत्नातून दहातला एखाद-दुसराच वाचतो, इतर बहुतेक मार्गांनी केलेल्यातून बहुतेक वाचतात, आणि वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. मुळाशी जायला माणूस जिवंत असावा लागतो. समुपदेशन, औषध, तिकडच्या 988 किंवा आपल्याकडच्या टेली-मानसच्या 14416 वर केलेला फोन, यातलं काहीही उपयोगी पडायला आधी ती रात्र टळायला हवी.

2023 मध्ये विधानसभेने हे सगळं एकत्र केलं. सर्व बंदुकांसाठी 72 तासांची मुदत. मूल किंवा बंदी असलेला माणूस हाताळू शकेल अशी बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि तिच्याने गुन्हा, इजा वा मृत्यू झाला तर ठेवणाऱ्याला शिक्षा. आणि धोका असलेल्या माणसाकडून बंदूक तात्पुरती काढून घेण्यासाठी घरच्यांना थेट न्यायालयात जायची मुभा. सुप्रीम कोर्टाच्या 2022च्या ब्रूएन निकालाने बंदुकीचा प्रत्येक कायदा इतिहास आणि परंपरेच्या कसोटीवर घासायला लावला होता. त्यामुळे ही मुदत घटनात्मक ठरेल का, अशी शंका स्कॉट यांनी नोंदवली. सही केली नाही, नकाराधिकारही वापरला नाही. कायदा सहीविना लागू झाला. 2024 मध्ये अनुक्रमांक नसलेल्या घरगुती बनावटीच्या बंदुकांवरचा कायदाही असाच झाला. व्हरमाँट फेडरेशन ऑफ स्पोर्ट्समेन्स क्लब्ज ही शिकाऱ्यांची संघटना 72 तासांविरुद्ध संघराज्य न्यायालयात गेली. जुलै 2024 मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली.

सही न करण्याची ही पद्धत घटनेत बसते, पण तिची किंमत खेड्यात मोजावी लागते. 2018 मध्ये पायऱ्यांवर उभं राहून सही केली तेव्हा राज्यभर चर्चा झाली, प्रत्येक शिकाऱ्याला कायदा कळला. 2023 चा कायदा मागच्या दाराने आल्यासारखा आला. तो पाळायचा आहे तो स्वयंपाकघरात, गोठ्यात, ट्रकच्या केबिनमध्ये, जिथे पोलीस कधी येणार नाही. असा कायदा लोकांनी मनावर घेतला तरच चालतो, आणि मनावर घ्यायला शिकाऱ्यांना स्कॉट यांच्यासारख्या, स्वतःच्या पक्षाच्या, विश्वासातल्या माणसाने सांगावं लागतं. ते त्यांनी सांगितलं नाही, ही त्यांची मोठी उणीव.

72 तास मोजायचे कधीपासून, यावरही गैरसमज आहे. पैसे भरल्यापासून नाही. तपासणीसाठी दुकानदाराला एनआयसीएसकडून क्रमांक मिळतो, तेव्हापासून घड्याळ सुरू होतं. म्हणून शुक्रवारी हंगामाच्या तोंडावर नवी रायफल घ्यायला गेलेल्या माणसाला शनिवारी पहाटे जंगलात ती मिळणार नाही. ही गैरसोय खरी आहे, नाकारू नये. पण ज्याला हरीण मारायचं आहे तो रायफल ऑक्टोबरात घेतो, दुर्बीण बसवून, शंभर यार्डांवर नेम जुळवून ठेवतो. आदल्या दिवशी घेतलेल्या रायफलीने शिकार करणं जाणकार शिकाऱ्यालाही पटत नाही.

मात्र मुदतीचा उपयोग नवी बंदूक घेणाऱ्यापुरता. ज्याच्या घरात आधीच पाच आहेत, त्याला तिने काही होत नाही. तिथे उपयोगी पडतं ते कुलूप, आणि कुलपाचा तपशील फार महत्त्वाचा आहे. सर्वांत स्वस्त ते केबल लॉक: बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा सरकता भाग, मागे ओढून वेष्टनातली पोलादी तार काडतुसाच्या खोलीतून किंवा मॅगझिन बसतं त्या खाचेतून ओवायची, की बोल्ट बंदच होत नाही. लहान मुलासाठी ते पुरतं. तार कापायची पकड चालवता येणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलासाठी पुरत नाही. नुसत्या चापावर बसणारं कुलूप भरलेल्या बंदुकीवर कधीही लावू नये, लावतानाच चाप ओढला जाऊ शकतो. पोलादी कपाट सर्वांत चांगलं, पण ते जमिनीला किंवा भिंतीला स्क्रूने आवळलेलं हवं. काडतुसं वेगळ्या कुलपात. सगळ्यात जास्त चूक होते ती किल्लीत: किल्ली कपाटाच्या माथ्यावर, आकडे म्हणजे धाकट्याची जन्मतारीख. घरात कोणी खचलेलं असेल तर त्याच दिवशी आकडे बदलायचे, नाहीतर जुन्या शिकारी रायफलचा बोल्टच काढून भावाच्या घरी ठेवायचा. बोल्टाशिवाय ती रायफल म्हणजे नुसती नळी.

गोठ्यातल्या बंदुकीचा प्रश्न वेगळा. पिसाळलेला रॅकून किंवा कोल्हा अंगणात आला तर शेतकऱ्याला मिनिटात बंदूक लागते. तिजोरीचे आकडे फिरवत बसायला वेळ नाही. त्यासाठी भिंतीला ठोकलेली, चार बटणं दाबून उघडणारी पेटी असते. नियंत्रणाच्या बाजूचे शहरी पुढारी हे कधी बोलत नाहीत. ते ‘सुरक्षित साठवण’ म्हणतात आणि शेतकऱ्याला ऐकू येतं ‘तुझी बंदूक अडगळीत टाक’. तपशील माहीत नसलेल्या माणसाने दिलेला सल्ला खेड्यात कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा तपशील लागू आहे. एच-1बी व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा वैध परवाना असला की केंद्राचा कायदा सूट देतो, आणि अनेकांना हे ठाऊकही नसतं. आपल्या घरात बंदूक नसली तरी मूल ज्या घरी खेळायला जातं तिथे असू शकते. कुत्रा बांधलेला आहे का हे जितक्या सहज विचारतो, तितक्या सहज बंदूक कुलपात आहे का हे विचारावं. शिकारी घरात या प्रश्नाचा कोणी राग मानत नाही.

उरतो तो तात्पुरता ताबा काढून घेण्याचा आदेश, ज्याला बोलीत रेड फ्लॅग कायदा म्हणतात. 2018च्या तीन कायद्यांपैकी हा एक, आणि त्यावर फारसं भांडण झालंच नाही. फेअर हेवनच्या खटल्यात याची गरज उघडी पडली: राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती तयारी म्हणजे गुन्ह्याचा प्रयत्न नव्हे, मोठे आरोप टिकले नाहीत, आणि त्या मुलापासून बंदुका लांब ठेवायला नवाच झालेला हा आदेश वापरावा लागला. पायऱ्या अशा: प्रतिज्ञापत्रात ठोस घटना लिहायच्या, काय म्हणाला, कधी, काय केलं, कोणती शस्त्रं आहेत आणि कुठे. न्यायाधीशाला पटलं तर समोरच्याला न बोलावता 14 दिवसांपर्यंतचा आदेश. त्या मुदतीत सुनावणी. तिथे पुराव्याची पातळी वरची, स्पष्ट आणि खात्रीलायक. सिद्ध झालं तर सहा महिन्यांपर्यंत, पुढे वाढवता येतो. गुन्ह्याची नोंद होत नाही. पुराव्याशिवाय हक्क काढून घेतला जातो, हा आक्षेप म्हणून टिकत नाही. मात्र अर्ज मोघम लिहिला, ‘तो विचित्र वागतो’ एवढंच म्हटलं, तर तो फेटाळला जातो आणि फेटाळला जायलाच हवा.

अडचण पुढे येते. आदेश बजावला की शस्त्रं पोलिसांकडे किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची. व्हरमाँटमधल्या कित्येक गावांना स्वतःचं पोलीस ठाणं नाही. राज्य पोलिसांची एक गाडी डोंगरातल्या अनेक गावांना पुरते. एका घरातून वीस बंदुका निघाल्या तर त्यांचे फोटो, यादी, कोरड्या जागी मांडणी, आणि सहा महिन्यांनी ओरखडा न पडता परत. आजोबांची रायफल गंजून परत आली तर त्या खोऱ्यातलं दुसरं कुटुंब कधीच अर्ज करणार नाही. विधानसभेने आदेश दिला, पण कोरडी खोली, रॅक आणि त्यांची देखभाल करणारा माणूस यांच्या पैशांकडे लक्ष दिलं नाही.

पोलीस लांब असतात म्हणून बंदूक जवळ हवी, हा ग्रामीण पुढाऱ्यांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि बर्लिंग्टनच्या आमदारांनी तो झटकून टाकू नये. मदत यायला अर्धा तास सहज लागतो. पण त्याच अंतराचा दुसरा अर्थही आहे: रुग्णवाहिकाही लांब, समुपदेशक त्याहून लांब, आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरातल्या बाईलाही तोच अर्धा तास. 2018च्या तिसऱ्या कायद्याने घरगुती हिंसाचारात अटक करताना पोलिसांना घरातली बंदूक काढून घ्यायची मुभा दिली, ती याच बाईसाठी. अंतराचा मुद्दा मांडणाऱ्या रॉजर्स यांच्यासारख्यांनी तिचाही हिशेब करावा.

विधानसभेत पुढचं विधेयक आणायचं तर माझ्या मते ते दोस्ताच्या तिजोरीचं असावं. मित्र खचला, त्याने स्वतःहून म्हटलं की माझ्या बंदुका काही दिवस तुझ्याकडे ठेव. 2018चा कायदा तपासणीशिवाय हे करू देतो, पण धोका ‘नजीकचा’ असेल आणि तो असेपर्यंतच. मित्र तीन आठवड्यांनी सावरला, तर बंदुका परत देताना दोघांनी दुकानात जाऊन तपासणी करायची का, धोका नेमका कधी संपला, हे शिकाऱ्याला समजेल अशा भाषेत कुठेच सांगितलेलं नाही, आणि या गोंधळापायी लोक बंदुका घ्यायलाच कचरतात. नव्वद दिवसांची ठरावीक मुदत द्यावी. दोन ओळींची पावती: कोणाच्या, किती, अनुक्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या. घेणाऱ्याला स्वतःला बंदूक बाळगायची बंदी नसावी, एवढीच अट. मुदतीत परत दिली तर नवी तपासणी नको. बरोबर शेरीफच्या कचेऱ्यांना आणि तयार असलेल्या दुकानदारांना रॅक आणि ओलावा शोषणाऱ्या यंत्रांसाठी अनुदान. यात कोणाची बंदूक हिरावली जात नाही, कुठली नोंदवही तयार होत नाही, ब्रूएन निकालाशी झगडा नाही. झुकरमन यांच्या बाजूला आणि रॉजर्स यांच्या बाजूला, दोघांनाही यावर मत द्यायला अडचण नसावी, आणि या वेळी गव्हर्नरांनी सही करावी, तीही नोव्हेंबरच्या हंगामाआधी, एखाद्या शिकारी क्लबच्या आवारात.